पाठीवर पाय द्यायचा तर…

मागच्या अंकात अंगठे आणि मनगटं कामातून गेलेल्या मसाज थेरपिस्टबद्दल लिहिताना मी पायाने करायच्या मसाजचा एका ओळीत उल्लेख केला होता. गंमत म्हणजे अंगठ्यांबद्दल कोणी काही विचारलं नाही, सगळी पत्रं त्या एका ओळीवर. म्हणून हा सगळा कॉलम पायांचा, एकेक पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

ताई, मी कोथरूडला एका स्पामध्ये बरीच वर्षं थेरपिस्ट आहे. रोज चार-पाच डीप टिश्यू, म्हणजे खोल दाबाचे मसाज होतात आणि आता उजवा अंगठा इतका दुखतो की सकाळी चहाचा कप उचलवत नाही. पायाने मसाज शिकावा असं डोक्यात आहे. पण माझं वजन 72 किलो, मैत्रिणी म्हणतात कोणाची तरी बरगडी मोडशील. आणि शिकायचं कुठे? ऑनलाइन तर दोन दिवसांत सर्टिफिकेट देणारे कोर्स दिसतात.

आधी अंगठा ऑर्थोपेडिकला दाखवा. पायाने काम सुरू केलं की हात आपोआप बरे होतील असं धरून चालू नका, कारण तेल लावणं, चादर सरकवणं, मान, हात, हे सगळं तरी हातानेच करायचंय ना.

आता वजन. क्लायंटच्या अंगावर 72 किलो कधीच जात नाहीत. एक पाय टेबलावर किंवा चटईवर टेकलेला, दोन्ही हातांनी वरचा दोर नाहीतर दांडा धरलेला, आणि दुसरा पाय काम करतोय, म्हणजे तुमचं बहुतेक वजन दोरात आणि टेकलेल्या पायात असतं आणि क्लायंटला तुम्ही द्याल तेवढंच मिळतं. उलट 48 किलोची मुलगी तोल जाऊन टाचेवर आली तर ती जास्त धोक्याची. टाच म्हणजे छोटी जागा, तिथे तोच दाब टोचतो, आणि अख्खा तळवा टेकवला की तो पसरतो. म्हणूनच तर अंगठ्याने दिलेला डीप प्रेशर काही लोकांना सहन होत नाही आणि पायाने त्याहून जास्त दिला तरी ते घोरायला लागतात.

हे अंगात भिनवायला घरचा वजनकाटा काढा. तो जमिनीवर ठेवा, खिडकीचं ग्रिल धरून एका पायावर उभ्या राहा, आणि दुसरा तळवा काट्यावर ठेवून हळूहळू 5 किलोपर्यंत जा, तिथे थांबा, मग 10, मग 15, आणि तसंच उतरा. पहिल्यांदा काटा एकदम 20 वर उडी मारेल, सगळ्यांचं होतं. आकडा न बघता सांगता यायला लागला की मग माणसाच्या पाठीचं बघू. माझ्या मते कुठलाही स्ट्रोक शिकण्याआधी हे शिकावं, आणि ऑनलाइन कोर्सचा प्रॉब्लेमही इथेच आहे. व्हिडिओत पाय कुठे फिरतोय ते दिसतं, दोरावर किती वजन आहे ते दिसत नाही, आणि तुमचा पाय चुकला तर ओरडायला समोर कोणी नसतं.

शिकायचं कुठे हे कुठला प्रकार शिकायचाय त्यावर आहे. केरळात पायाने करायचा चवुट्टी उळिच्चिल हा मसाज आहे, क्लायंट जमिनीवर चटईवर, वर आडवा दोर, भरपूर तेल, आणि हाताच्या बोटांपासून पायापर्यंत एकच लांब स्ट्रोक. हे कळरीपयट्टू या तिथल्या युद्धकलेच्या आखाड्यातून आणि कथकलीच्या तालमीतून आलंय, तिथे पावसाळ्यात शिकणाऱ्या पोरांचं अंग मोकळं करायला गुरू पायाने रगडतात. अमेरिकेत 1990 च्या दशकात रूथी हार्डी यांनी मसाज टेबलाच्या वर छताला लाकडी दांडे लावून अशियात्सूची, म्हणजे पायाच्या दाबाने करायच्या मसाजची पद्धत बसवली, स्पामध्ये बसते ती हीच, कारण तुमचं टेबल तसंच राहतं. थाई मसाजमध्येही पाय वापरतात पण बरंचसं बसून, कपड्यांवरून आणि तेलाशिवाय, त्यामुळे सुरुवातीला तोल सांभाळायची धास्ती कमी.

आणि पुण्यात राहून आपल्याला कुसुम मोडक माहीत नसतात याचं मला दरवेळी वाईट वाटतं. तेल आणि वेखंडाची पूड लावून मालीश, त्यात पायाचा दाब, आणि योगासनांसारखे ताण, अशी आयुर्वेदिक योग मसाजची पद्धत त्यांनी इथेच पुण्यात बसवली, आणि ती शिकायला परदेशातून लोक यायचे. ती शिकवणारे आजही आहेत. कोणाकडेही जा, पैसे भरायच्या आधी एकदा स्वतः क्लायंट म्हणून झोपा. ज्याच्या पायाखाली तुमचा श्वास अडकतो त्याच्याकडे शिकू नका, सर्टिफिकेट कितीही चकचकीत असलं तरी.

एक मात्र सांगते, हातावरचा लोड जातो म्हणजे तो कुठेतरी येतो. टेकलेल्या पायाचा गुडघा, खुबा आणि कंबर यांच्यावर येतो. पहिले काही महिने दिवसाला एक-दोनच सेशन पायाने करा, पोटऱ्यांची तक्रार थांबत नाही तोवर पायाची बुकिंग वाढवू नका, मॅनेजर काहीही म्हणू दे.

माझे बरेच क्लायंट वयाने मोठे आहेत. सदाशिव पेठेतल्या एक काकू पायाचं नाव काढल्यावर म्हणाल्या, "अगं, पाय लावणार मला?" मलाही कसंतरीच झालं. यावर काय करावं?

काही करायचं नाही, काकूंना हाताने करून द्यायचं. चुकून पाय लागला तरी लगेच नमस्कार करणारे आपण, तिथे मुद्दाम पाय लावून घ्यायला मनाची तयारी लागते आणि ती प्रत्येकाची नसते. जबरदस्तीने पटवू नका, आखडलेल्या अंगावर तसाही मसाज लागत नाही.

ज्यांचं मन अर्धं तयार आहे त्यांच्याशी बोला. सुश्रुतसंहितेत व्यायामाच्या जोडीला पायांनी अंग रगडण्याचे फायदे दिलेत, तालमीत पैलवान एकमेकांचं अंग पायाने तुडवतातच, आणि घरोघरी आजोबा नातवाला "जरा पाठीवर पाय दे रे" म्हणत आलेत, तेव्हा हे काही परदेशी फॅड नाही. सुरू करण्याआधी हात जोडून नमस्कार करा, वयस्कर क्लायंटला ते फार बरं वाटतं आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही वाटतं. पाय धुवायचे ते त्यांच्यासमोर धुवा. पैंजण आणि जोडवी काढून ठेवा, जोडव्याची कड पाठीवर ओरखडा काढते. जोडवी काढायला घरून विरोध असेल तर मग हा मसाज तुमच्यासाठी नाही, त्यात मधला रस्ता मला तरी सापडलेला नाही.

माझे वडील 71 वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. पाठ धरली की माझ्या 10 वर्षांच्या मुलाला पाठीवर उभं करतात. मी प्रोफेशनल थेरपिस्ट बोलवू का?

नको, आणि मुलालाही आजच उतरवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना जोराच्या दाबाने आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि या वयात मणक्याचं हाड ठिसूळ झालेलं असलं तर वजनाने ते दबू शकतं. मुलगा तर थेट मणक्यावरच उभा राहत असणार, तिथे शिकलेला माणूससुद्धा पाय ठेवत नाही, तो मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर काम करतो. पाठ सारखी धरत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तोवर हलक्या हाताने तेल चोळून द्या.

थेरपिस्ट मंडळींनीही हे वाचून ठेवा. गरोदर बाई, नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस, पायात रक्ताची गुठळी, फुगलेल्या निळ्या शिरा, ताब्यात नसलेलं बीपी, मणक्यातली सरकलेली गादी, यांना पायाने मसाज नाही. जुना डायबिटीस असेल आणि पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर दाब जास्त झालाय हे त्या माणसाला कळतच नाही, तो "अजून द्या" म्हणतो. आणि धडधाकट माणसातही गुडघ्याच्या मागची खोबण आणि कंबरेच्या वर शेवटच्या दोन बरगड्या असतात तो भाग सोडून द्यायचा.

कर्वेनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये माझा छोटा सेटअप आहे. दोर लावायला छताला हुक कसा बसवू? वर पीओपी आहे.

पीओपीत तर अजिबात नाही, तो स्वतःचंच वजन कसंबसं पेलतो. हुक स्लॅबमध्येच हवा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये झोपाळ्याच्या कड्या असतात त्या बघा, स्लॅब भरताना सळईत अडकवून टाकलेल्या असतील तर भक्कम असतात, पण जुन्या बिल्डिंगमध्ये गंज चढलेला असतो, त्यामुळे आधी माहितगार माणसाला दाखवा. त्या बहुतेक हॉलमध्ये नाहीतर बाल्कनीत असतात, मग टेबल तिथे न्यायचं. नवीन ड्रिल करायचं तर मालकाची परवानगी लेखी घ्या. तेही नसेल जमत तर जमिनीवर गादी घालून, स्वतः खुर्चीवर बसून पायाने मांड्या आणि पोटऱ्या करता येतात, त्याला छत लागत नाही.

टाचांना भेगा आहेत, चालेल का?

नाही, भेगांची कड घासते आणि क्लायंट दुसऱ्यांदा येत नाही. रोज अंघोळीला वज्रीने घासा, रात्री भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल लावून मोजे घालून झोपा, थंडीत तर रोजच. नखं मांसाबरोबर कापलेली हवीत. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की पूर्ण बऱ्या होईपर्यंत पायाने काम बंद, बुकिंग गेलं तरी चालेल. आणि भिरंडेल लावायचं ते रात्रीच, सेशनच्या आधी लावलंत तर टेकलेला पाय घसरेल.