स्मार्ट स्विच मागवण्याआधी बोर्ड उघडा

मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा, मगच बोर्ड उघडा. आत न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आहे का बघा. प्लग पॉइंट असेल तर बहुधा असतोच. नसेल तर ‘नो-न्यूट्रल’ मॉड्यूल, म्हणजे न्यूट्रलशिवाय चालणारा, बोर्डात बसणारा स्मार्ट स्विच घ्यावा लागेल. त्यातून झिरपणाऱ्या करंटमुळे कमी वॉटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो.

गिझर 10 अँपिअरच्या मॉड्यूलवर नकोच. 2000 वॉट म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 8.7 अँपिअर, तेही सलग. मॉड्यूलमधला रिले (करंट चालू-बंद करणारा भाग) तापून चिकटतो. 16 अँपिअरचं घ्या. पंख्याला दिव्याचा डिमर लावलात तर तो गुणगुणत बसेल. वायफाय जोडताना अडलं तर फोन 2.4 गिगाहर्ट्झवर आणा. बहुतेक मॉड्यूलना 5 दिसतच नाही. भिंतीवरचं बटण मात्र वापरात राहू द्या, आजी ॲप उघडणार नाहीत.