अमेरिकेत प्री-मेड (मेडिकलच्या तयारीत) आहे, पहिल्या वर्षाचा जीपीए (ग्रेडची ४ पैकी सरासरी) २.६ आला. आता मेडिकलला जाता येईल का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आठवीपर्यंत पुण्यात शाळा, मग आईबाबांबरोबर एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, अमेरिकेत, आता सरकारी विद्यापीठात पहिलं वर्ष संपलंय. जनरल केमिस्ट्रीच्या पहिल्या भागात सी, दुसऱ्या भागात सी-मायनस, कॅल्क्युलसमध्ये सी, बायोलॉजीत बी. घरी अजून सांगितलेलं नाही. आणि पुढच्या सेमिस्टरला १८ क्रेडिट, म्हणजे एकदम खूप विषय, घेऊन सगळं भरून काढू का, असं शेवटी विचारलंयस.

त्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. घेऊ नकोस. १८ नको आणि १६ सुद्धा नको.

मी अमेरिकेतल्याच एका सरकारी विद्यापीठात जनरल केमिस्ट्री शिकवते, आणि बरीच वर्षं प्री-मेड मुलं माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यांच्यातली जी अडली, ती बहुतेक दुसऱ्या वर्षात अडली. पहिल्या वर्षाचा डाग धुवायच्या घाईत ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, दोन लॅब, हॉस्पिटलमधलं व्हॉलंटियरिंग आणि कुणाच्या तरी लॅबमधलं संशोधन, सगळं एकदम अंगावर घेतलं आणि दुसरं वर्षही तसंच गेलं. एक वाईट वर्ष प्रवेश समितीला समजतं, अशी मुलं त्यांनी भरपूर पाहिलेली असतात. लागोपाठ दोन वर्षं वाईट गेली की त्यांना ते या मुलाचं नेहमीचंच वाटू लागतं. म्हणून येतं सेमिस्टर हलकं पण स्वच्छ जायला हवं.

आता आकडे बघू, कारण तू नुसत्या २.६ कडे बघून घाबरली आहेस. पहिल्या वर्षाचे ३० क्रेडिट धर. उरलेल्या तीन वर्षांतले ९० क्रेडिट तू ३.८ ने केलेस, तर पदवी मिळताना जीपीए ३.५ होतो. दुसऱ्या वर्षाअखेर तो ३.२ दिसेल, तिसऱ्याअखेर ३.४. एमडी कॉलेजांत (अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची पहिली पदवी) प्रवेश मिळालेल्यांची सरासरी अलीकडे ३.७ च्या वर असते, म्हणजे ३.५ त्याखालीच. पण त्या आकड्यावर एमकॅटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या, चांगल्या गुणांसह दरवर्षी मुलं जातात. एक गोष्ट मात्र तुला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवी. मेडिकल कॉलेजांचा मध्यवर्ती अर्ज, ज्याला सगळे ॲमकॅस म्हणतात, त्यात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढतात. तुझे चार विषय सारख्या क्रेडिटचे धरले (सी म्हणजे २.०, सी-मायनस १.७, बी ३.०) तर तो आत्ता २.२ च्या आसपास आहे. तुझं खरं काम तिथे आहे. सोप्या विषयांत ए मिळवून एकूण जीपीए फुगवला तरी हा दुसरा आकडा हलत नाही, आणि वाचणारे तोच आधी बघतात.

त्याच अर्जात ग्रेड वर्षवार मांडलेल्या असतात: पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, आणि पदवीनंतर काही केलं असेल तर तेही. २.६, ३.७, ३.८, ३.९ अशी चढत जाणारी ओळ वाचणाऱ्याला एका नजरेत दिसते. ती ओळ तुझ्या हातात आहे.

मग प्रश्न उरतो की गेलं वर्ष असं का गेलं. तू लिहिलंयस, "खूप अभ्यास केला तरी". त्यावर माझा विश्वास आहे. पण मी माझ्या मुलांना जे करायला लावते ते तूही कर. मिडटर्मचे सगळे पेपर काढ आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे लिही: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण वेळेत जमलं नाही, की प्रश्नच नीट वाचला नाही. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. "अजून जास्त अभ्यास करेन" हा यातल्या एकावरही उपाय नाही.

केमिस्ट्रीच्या दुसऱ्या भागात मुलं कुठे अडतात ते मला पाठ आहे, त्यामुळे इथे थोडं थांबते. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पीएच १, आणि तितक्याच तीव्रतेच्या ॲसेटिक ॲसिडचा सुमारे २.९. हा फरक का, हे बहुतेकांना सांगता येतं. पण त्या ॲसेटिक ॲसिडमध्ये थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घातलं आणि पीएच विचारला, की निम्मा वर्ग थेट समतोलाचा तक्ता मांडायला घेतो. आधी मोल मोजायचे, बेस संपेपर्यंत ॲसिडशी त्याची अभिक्रिया पूर्ण होऊ द्यायची, काय उरलं ते बघायचं आणि मग समतोलाकडे वळायचं, ही पायरीच सुटते. ही पायरी पहिल्या भागातली आहे: मोल आणि कोणता पदार्थ आधी संपतो ते. म्हणजे दुसऱ्या भागातली सी-मायनस पुष्कळदा पहिल्या भागातल्या सी मधूनच येते. हायस्कूलमधल्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, केमिस्ट्रीच्या जोरावर ऑक्टोबरपर्यंत निभावून जातं, आणि तोवर पाया कच्चा असल्याचं कळत नाही. तुझ्या पेपरांत असंच दिसलं, तर रिटेकच्या आधी उन्हाळ्यात पहिल्या भागातली मोलची गणितं पुन्हा हाताने सोडव.

हाताने म्हणजे उत्तर झाकून. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले होते. नोट्स रंगवून वाचताना "येतंय की" असं वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतंच खरं असतं.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. १९७० च्या दशकात बर्कलीला गणितज्ञ युरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की तिथले कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, शाळेत हुशार ठरलेले होते, पण अभ्यास एकट्याने करत होते. चिनी वंशाचे विद्यार्थी गणितं आधी स्वतः सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांचं तपासत. ट्राइसमननी मग अवघड गणितं गटात सोडवायच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्या मुलांचे निकाल खूप सुधारले. आपल्या घरांतली मुलं बहुतेक खोलीचं दार लावून अभ्यास करत वाढतात, त्याचं कौतुकही होतं. कॉलेजात ती सवय महागात पडते. तीन-चार जणांचा गट कर. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना (शंका विचारायच्या ठरलेल्या वेळेत) दुसऱ्या आठवड्यापासून जा, मिडटर्म बिघडायची वाट बघू नकोस. तुझ्या विद्यापीठात केमिस्ट्रीसाठी सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शनचे, म्हणजे जादा गटसरावाचे, वर्ग असतील तर त्यांत नाव घाल.

आणि कारण अभ्यासाच्या पलीकडचं असेल, झोप उडाली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर आधी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जा. ते आधी, केमिस्ट्री नंतर.

रिटेकबद्दल. सी-मायनसचा विषय पुन्हा कर, कारण बहुतेक मेडिकल कॉलेजांना आवश्यक विषयांत निदान सी लागते, आणि ऑरगॅनिकला बसायलाही बऱ्याच ठिकाणी तीच अट असते. तुझं विद्यापीठ कदाचित जुनी ग्रेड स्वतःच्या हिशेबातून काढून टाकेल. ॲमकॅस काढत नाही, तिथे दोन्ही धरतात. १.७ आणि ४.० मिळून त्या विषयाची सरासरी २.८५ पडेल. डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, एमडीला समांतर डॉक्टरकीची पदवी) कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीची जागा घ्यायची, ते २०१७ मध्ये बंद झालं, त्याआधीचे सल्ले इंटरनेटवर अजून फिरतात. सी आलेले विषय मात्र पुन्हा करू नकोस. पहिल्या भागात सी असताना पुढे ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्रीत ए मिळाली, तर शंका तिथेच मिटते. आणि हा रिटेक पाच आठवड्यांच्या उन्हाळी वर्गात उरकू नकोस, ज्या विषयाने पूर्ण सेमिस्टरमध्ये दमवलं तो तिप्पट वेगाने सोपा होत नाही.

आता वेळापत्रक. सरळ मेडिकलला जायचं तर अर्ज तिसरं वर्ष संपताना करावा लागतो, म्हणजे तुझ्या बाबतीत ३.४ वर, आणि चौथ्या वर्षाच्या चांगल्या ग्रेड त्यात येतच नाहीत. एक वर्ष थांबलीस तर ३.५ वर अर्ज जातो आणि तीन चांगली वर्षं दिसतात. अमेरिकेत मेडिकलला लागणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त विद्यार्थी पदवीनंतर किमान एक वर्ष घेतात. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, आणि तुझ्यासाठी तर मला तोच मार्ग योग्य वाटतो. एमकॅटचीही घाई नको. गुण ४७२ ते ५२८ मध्ये असतात, आयुष्यात सातदाच देता येते आणि कमी आलेले गुणही कॉलेजांना दिसतात. बायोकेमिस्ट्री झाल्यावरच दे. ग्रेड सुधारायला पदवीनंतरचे पोस्ट-बॅक आणि स्पेशल मास्टर्सचे अभ्यासक्रम असतात, पण ते महाग आहेत. आत्ता त्यांचा विचारही करू नकोस. डीओचा मात्र कर. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत डीओला एमडीइतकेच वैद्यकीय अधिकार आहेत. आपल्या ओळखीपाळखीत त्याला कमी लेखतात ते अज्ञानातून.

तू व्हिसाचा उल्लेख एका ओळीत केलास, पण मला त्याची काळजी जीपीएपेक्षा जास्त वाटते. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. तोवर ग्रीन कार्ड आलं नसेल, आणि भारतीयांची रांग तू जाणतेसच, तर एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागेल. एफ-१ वर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिट ठेवावेच लागतात, विषय मध्येच सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी लागते. त्याहून मोठी अडचण ही की पुष्कळ मेडिकल कॉलेजं एफ-१ विद्यार्थी घेतच नाहीत. जी घेतात त्यांत खाजगी जास्त, आणि काही तर चार वर्षांच्या फीची तजवीज आधी दाखवायला सांगतात. कोणतं कॉलेज कोणाला घेतं हे मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या, म्हणजे एएएमसीच्या प्रवेशनियमांच्या डेटाबेसमध्ये शोधता येतं. ती यादी आत्ताच कर, आणि बाबांना इमिग्रेशन वकिलाशी तुझ्या तारखेबद्दल बोलायला लाव.

म्हणजे बाबांना सांगावं लागेलच. कायद्याने, १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार, तुझ्या ग्रेड बघण्याचा हक्क आता तुझा आहे, त्यामुळे तू ठरवलंस तर बराच काळ लपवू शकशील. पण लपवू नकोस, गं. ज्या मुलांनी लपवलं ती पुढचं सेमिस्टर दोन ओझी घेऊन काढतात. सांगताना ट्रान्स्क्रिप्ट आणि वरचं गणित कागदावर घेऊन बस. बाबांच्या डोक्यात बारावी आणि सीईटी असणार, आजच्या नीटसारखी: एक आकडा, त्यावर सगळं ठरलं, आणि नाही जमलं तर ड्रॉप घेऊन नव्या आकड्याने पुन्हा सुरुवात. इथे कोरी पाटी मिळत नाही, आणि एका आकड्यावर निकालही लागत नाही. हे त्यांना समजावून सांगावं लागेल, एकदा सांगून पुरणार नाही. "भारतात जाऊन नीट दे" असं निघालं, तर लगेच हो म्हणू नकोस. अकरावी-बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकांवरचा तो पूर्ण वेगळा अभ्यास आहे, आणि तो निर्णय रागाच्या संध्याकाळी घ्यायचा नसतो. आईला आधी सांगितलंस तर सोपं जाईल, तुझ्या लिहिण्यावरून तसं वाटलं.

पुढच्या सेमिस्टरसाठी मी तुझ्या जागी असते तर इतकंच घेतलं असतं: केमिस्ट्रीचा दुसरा भाग लॅबसह, बायोलॉजीचा पुढचा विषय, संख्याशास्त्र, आणि तुला मनापासून आवडणारा एखादा लेखनाचा किंवा समाजशास्त्राचा विषय. एकूण १३-१४ क्रेडिट. ऑरगॅनिक त्यानंतर. कॅल्क्युलसचा दुसरा भाग तुझ्या मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) लागत नसेल तर सोडून दे. बऱ्याच मेडिकल कॉलेजांना तो लागत नाही आणि संख्याशास्त्र चालतं, पण नोंदणीआधी तुझ्या प्री-हेल्थ सल्लागाराकडून दोन्ही गोष्टी पक्क्या करून घे.