तेल्या पानात शिरल्यावर डाळिंबाचं झाड प्रतिकार का करत नाही?

सांगोल्याकडच्या तुमच्या बागेत तेल्या रोगाचे तेलकट डाग दिसल्यावर तांब्याच्या दोन फवारण्या घेतल्या, तरी डाग वाढले. मग झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती कुठे गेली, असं तुम्ही विचारलंय. ती असतेच, पण जिवाणू ती दाबून टाकतो.

तेल्याचा जिवाणू, झान्थोमोनास, पर्णरंध्रातून किंवा काट्याच्या ओरखड्यातून आत येतो आणि पेशींच्या मधल्या फटींत राहतो. त्याच्या शेपटीतल्या प्रथिनाचा तुकडा झाड ओळखतं आणि पेशीभित्तिकेवर कॅलोज या संरक्षक पदार्थाचा थर चढवायला लागतं. तेवढ्यात जिवाणू इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नळी उभारतो आणि तिच्यातून स्वतःची प्रथिनं थेट पेशीत सोडतो. डाळिंबावरच्या जिवाणूत झॉप-एन, झॉप-एल, झॉप-क्यू अशी प्रथिनं सापडली आहेत. झॉप-एनचं जनुक काढलेला जिवाणू पानात टोचला तर कॅलोज जास्त साठतं आणि रोग कमी पडतो. झाडाचा इशारा पुढे पोचू न देणं हेच या प्रथिनाचं काम.

या प्रथिनांना थांबवणारं औषध आज दुकानात मिळत नाही. तांबं पानाच्या पृष्ठभागावर काम करतं, आतल्या फटीत पोचत नाही. म्हणून डाग दिसल्यावरची फवारणी ते डाग बरे करत नाही, शेजारच्या निरोगी पानांना फार तर वाचवते. खरी वेळ आहे छाटणीनंतर लगेच आणि पावसाआधी.

तांब्याच्या या फवारणीसाठी १ टक्का बोर्डो मिश्रण घरीच करा: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवा, लोखंडी भांडं नको. चुन्याचं दुधाळ पाणी गाळून घ्या आणि मोरचुदाचं पाणी हळूहळू त्यात ओता, ढवळत राहा. लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. तिच्यावर तांबूस थर आला तर आम्ल शिल्लक आहे, अजून चुना घाला. नाहीतर कोवळी पानं करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवा, शिळं झालं की साका बसतो आणि ते पानाला चिकटत नाही. त्यात कीटकनाशक मिसळू नका, चुन्याच्या अल्कतेने बरीच औषधं निकामी होतात.

छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं, आणि रोग एका झाडावरून दुसऱ्यावर या कात्रीनेही जातो. छाटलेल्या रोगट फांद्या आणि गळलेली पानं बांधावर टाकू नका, गोळा करून जाळा. तेल्या पडलेल्या बागेत मृग बहर (जून-जुलैची फूट) धरू नका, ऐन पावसात कोवळे फुटवे येतात. हस्त बहर (सप्टेंबर-ऑक्टोबरची फूट) धरा.