कलेक्शनच्या मेटल केसला घरच्या घरी काचेसारखा ग्लॉसी क्लिअर कोट मारता येतो का?

तुम्ही लिहिलंय की सिनेमा आणि गेमच्या स्टीलच्या केस जमवता, त्यातल्या मॅटवाल्या चकचकीत दिसाव्यात म्हणून एकीवर स्प्रे कॅनने क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, मारून बघितला, तर चमक यायच्या ऐवजी पांढरट थर बसला आणि आता बाकीच्यांना हात लावायची हिंमत होत नाहीये. समजू शकतो, कारण माझ्याबरोबरही अगदी हेच झालंय. मी बरीच वर्षं छापील पत्र्याचे जुने डबे, स्टीलबुक (तुमच्यासारख्याच सिनेमा-गेमच्या स्टीलच्या केस) आणि पितळेच्या छोट्या केस यांच्यावर हे काम करतोय. घरी होतं, छान होतं, फक्त घाई केली की हमखास बिघडतं.

आधी एक विचारतो, ज्या केसवर मारायचंय ती पुढे कधी विकणार आहात का? किंवा ती दुर्मिळ आहे का? तसं असेल तर मारूच नका, अगदी मनापासून सांगतो. कलेक्टर लोकांना मूळ फिनिश हवं असतं आणि छपाईवर बसलेला क्लिअर कोट छपाईला धक्का न लावता परत काढणं जवळजवळ अशक्य आहे. आणि बऱ्याच केसवर मुद्दाम पार्श्वभूमी मॅट ठेवून फक्त नावाला किंवा चित्राच्या एखाद्या भागाला ग्लॉस दिलेला असतो, त्यावर सरसकट कोट मारला की तो सगळा खेळच संपतो, सगळं एकसारखं चमकायला लागतं. अशा केसला मी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सच, म्हणजे एक प्रकारचं बारीक मेणच, लावतो, रेनेसाँ वॅक्स नावाचं जे मिळतं ते ब्रिटिश म्युझियमच्या लॅबमध्ये १९५० च्या दशकात तयार झालेलं, मऊ कापडाने अगदी पुसट हात फिरवायचा आणि लगेच पुसून काढायचं. काचेसारखं नाही दिसत, पण रंग खुलतो आणि बोटांचे डाग कमी पडतात. तेही आधी आतल्या बाजूला लावून बघा, मॅटचा पोत थोडा बदलतोच.

तरीही ग्लॉसच हवा असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, चमक जाड थराने येत नाही, सपाट थराने येते. मॅट पृष्ठभाग म्हणजे बारीक बारीक उंचवटे, त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो. क्लिअर कोट ते खड्डे भरून वर सपाट पातळी तयार करतो, मग प्रकाश सरळ परत फिरतो आणि आपल्याला चमक दिसते, काळा रंग ओला केल्यासारखा गडद दिसतो तो याचमुळे. म्हणून "अजून एक हात मारू म्हणजे अजून चमकेल" हा विचार सोडून द्या, त्याने फक्त ओघळ येतात आणि उठावाच्या अक्षरांच्या खाचा भरून जातात.

आता तुमचा पांढरट थर. याची दोन कारणं असू शकतात आणि ती ओळखायला बोट पुरेसं आहे. थर खरखरीत, रव्यासारखा लागत असेल तर तो ड्राय स्प्रे, म्हणजे कॅन फार लांब धरला किंवा हवा गरम-कोरडी होती आणि थेंब वाटेतच अर्धे वाळून धुळीसारखे येऊन बसले. पण थर हाताला गुळगुळीत आणि दिसायला दुधाळ असेल तर तो हवेतला ओलावा. लॅकरमधला (लॅकर म्हणजे भरभर वाळणारा क्लिअर) सॉल्व्हंट, म्हणजे त्याला पातळ ठेवणारा द्रव, भरभर उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थरात अडकून बसते. मी एकदा बाहेर पावसाची झड चालू असताना एका निळ्या डब्याचं झाकण रंगवलं होतं, पाच मिनिटांत त्यावर धुकं उतरल्यासारखं झालं. साध्या ॲक्रिलिक लॅकरचं बरं असं की कोरड्या दिवशी त्याच कॅनचा एक पातळ पण ओला हात मारला की जुना थर थोडा विरघळतो आणि ओलावा निघून जाऊन बहुतेक वेळा तो पुन्हा पारदर्शक होतो. माझं झाकण तसंच वाचलं. खरखरीत असेल तर मात्र वाळू द्यायचं, २००० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायचा बारीक घासकागद) हलक्या हाताने पाणी लावून घासायचं आणि मग पुढचा हात.

तयारीला रंगकामापेक्षा जास्त वेळ द्या. आतला प्लास्टिकचा ट्रे निघत असेल तर काढा, नसेल निघत तर मास्किंग टेप आणि कागदाने नीट झाका, सॉल्व्हंट प्लास्टिकवर गेला की ते धुरकट होतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापडाने पुसा, पाण्यात बुडवू नका, कारण पत्र्याच्या दुमडलेल्या कडांमध्ये पाणी शिरून बसतं आणि नंतर तिथूनच फुगे किंवा गंज वर येतो. कडा हेअर ड्रायरच्या मंद हवेने वाळवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण तेही आधी आतल्या दुमडीवर कापसाच्या बोळ्याने लावून बघा, बोळ्याला रंग लागला तर थांबा. ॲसिटोन, थिनर, नेलपेंट रिमूव्हर यातलं काहीही छपाईजवळ आणू नका, रंग उतरलाच म्हणून समजा. आणि ज्या टेबलावर कधी सिलिकॉनवालं पॉलिश वापरलंय तिथे हे काम करू नका, सिलिकॉनचा अंश जरी राहिला तरी ओला थर तिथून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पुसून झालं की हातमोजे घालूनच केस उचला. एका उघड्या पितळी केसला मी शेवटी नुसत्या अंगठ्याने जागा बदलून ठेवली होती, तेव्हा काहीच दिसलं नाही, पण दोन महिन्यांनी लॅकरच्या खाली माझ्या अंगठ्याचा ठसा तपकिरी रेघांनी स्पष्ट उमटला, सगळा कोट काढून परत करावं लागलं. उघड्या धातूचं अजून एक, तो अगदी गुळगुळीत असेल तर कोट धरत नाही, पापुद्र्यासारखा निघतो, त्याला बारीक घासून घ्यावं लागतं, आणि पितळ-तांब्यासाठी इन्क्रालॅकसारखं वेगळं लॅकर मिळतं, त्यात धातू काळा पडू नये म्हणून बेन्झोट्रायझोल असतं. तुमच्या छापील केसला त्याची गरज नाही.

स्प्रे मारताना २० ते २५ डिग्री तापमान आणि ६० टक्क्यांच्या आत आर्द्रता असेल असा दिवस बघा. कॅन गार असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, थेंब बारीक पडतात. कोमट म्हणजे हाताला सुखावेल इतकंच, गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही, कॅन फुटतो. दोन मिनिटं नीट हलवा आणि पहिला फवारा पुठ्ठ्यावर मारून बघा. अंतर साधारण २० ते २५ सेंटीमीटर, हात केसच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे बाहेर जाऊनच बोट उचलायचं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा यायला हवा. मनगट वळवून मारू नका, अख्खा हात सरळ न्या. पहिला हात इतका विरळ की नुसते ठिपके दिसले पाहिजेत, तो चिकटण्यासाठी असतो. दहा मिनिटांनी दुसरा, थोडा भरीव. अजून दहा मिनिटांनी तिसरा, हा ओला.

या ओल्या हाताच्या वेळी केसकडे बघू नका, केसमध्ये दिसणाऱ्या ट्यूबलाइटकडे बघा. मान थोडी खाली करून तिरकं बघितलं की आधी ती रेघ केसाळ, विस्कटलेली दिसते, मग थेंब एकमेकांत मिसळतात आणि दोन-तीन सेकंदांत रेघ सरळ, धारदार होते. तिथेच थांबायचं. त्याच्यापुढे अजून एक पट्टा मारलात की ओघळ आलाच. मला स्वतःला या सगळ्या कामात हा क्षण सगळ्यात जास्त आवडतो.

सगळे हात साधारण तासाभराच्या आत उरका, नाहीतर कॅनवर लिहिलेला पूर्ण वेळ थांबा, बऱ्याच एनॅमल (लॅकरपेक्षा सावकाश वाळणाऱ्या) प्रकारांत तो एक-दोन दिवसांचा असतो. अर्धवट वाळलेल्या थरावर नवा थर पडला की सुरकुत्या येतात आणि त्यावर इलाज म्हणजे सगळं काढणे. धूळ बसू नये म्हणून आधी फरशीवर पाणी शिंपडा आणि नंतर वर मोठा खोका पालथा घाला.

काचेसारखं म्हणताय ते मात्र नुसत्या स्प्रेने क्वचितच येतं, थोडा संत्र्याच्या सालीसारखा पोत राहतोच. त्यासाठी निदान आठवडाभर वाळू द्या, केस नाकाजवळ धरल्यावर सॉल्व्हंटचा वास येत असेल तर अजून थांबा. मग २००० आणि ३००० चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, पृष्ठभाग एकसारखा धुरकट होईपर्यंत, आणि शेवटी रबिंग कंपाउंड, मायक्रोफायबरने. कडांपासून चार-पाच मिलिमीटर लांब राहा, ओला थर धारेवरून मागे ओढला जातो त्यामुळे तिथे तो सगळ्यात पातळ असतो आणि दोन घासण्यांत छपाई उघडी पडते. उठावाच्या चित्रावर तर वॉटर पेपर फिरवूच नका.

कोणी तुम्हाला हार्डनरवालं टू-के क्लिअर, म्हणजे दोन घटक एकत्र करून कडक होणारं, सुचवेल. फिनिश त्याचंच सगळ्यात भारी असतं हे खरंय, कडक होतं आणि खोल दिसतं, पण त्यात आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं की दमा लागू शकतो आणि एकदा त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा संपर्कानेही त्रास होतो. साधा कापडी मास्क काही कामाचा नाही. योग्य रेस्पिरेटर, पूर्ण झाकलेली त्वचा आणि मोकळी हवा नसेल तर घरात ते नको, एखाद्या गाडी रंगवणाऱ्याच्या बूथमध्ये करून घ्या. साध्या लॅकरलाही खिडक्या उघड्या, ऑर्गॅनिक व्हेपरचा (सॉल्व्हंटची वाफ अडवणारा) मास्क, आणि जवळपास पेटता गॅस किंवा दिवा नको.

तयार झालेली केस लगेच मऊ पीव्हीसीच्या स्लीव्हमध्ये घालू नका, त्या प्लास्टिकमधला मऊपणा आणणारा द्रव थरात उतरतो आणि स्लीव्ह चिकटून बसते. पॉलिप्रॉपिलीनची स्लीव्ह घ्या, तीही दोन-तीन आठवड्यांनी, तोपर्यंत केस एकमेकींना टेकवून उभ्या करू नका.

आणि ती बिघडलेली केस फेकू नका, पुढच्या प्रत्येक कॅनची ट्रायल तिच्याच मागच्या बाजूवर घ्या. आधी तिच्यावरून बोट फिरवून बघा, रवा लागतोय की गुळगुळीत दुधाळ आहे ते इथे कमेंटमध्ये सांगा, सोबत कॅनवर लॅकर लिहिलंय की एनॅमल तेही लिहा, म्हणजे तिला वाचवायला नेमकं काय करायचं ते सांगता येईल.