वाचकांचे प्रश्न : मानाग्वाच राजधानी का?

प्रश्न : निकाराग्वात लेओन आणि ग्रानादा ही दोन जुनी, नावाजलेली शहरे असताना राजधानीचा मान मानाग्वाला कसा मिळाला? राजधानी हातची जाणे म्हणजे काय, हे १९५६ पासून आम्हा नागपूरकरांना ठाऊक आहे; पण दोन्ही दावेदार बाजूला राहून तिसऱ्याचेच फावावे, याचे नवल वाटते. – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : लेओन आणि ग्रानादा ही दोन्ही शहरे फ्रान्सिस्को एर्नांदेस दे कोर्दोबा या स्पॅनिश सेनानीने १५२४ मध्ये वसवली. स्पॅनिश अमलात कारभार लेओनमधून चाले, तर ग्रानादा व्यापारावर गब्बर झाले. १८२१ मध्ये स्पेनची सत्ता गेल्यावर लेओन उदारमतवाद्यांचा आणि ग्रानादा पुराणमतवाद्यांचा बालेकिल्ला बनले आणि ज्या गटाची सरशी होईल त्याच्या शहरात सरकार हलू लागले. या ओढाताणीवर तोडगा म्हणून १८५२ मध्ये दोहोंच्या मधले, शोलोत्लान सरोवराच्या दक्षिण काठावरचे मानाग्वा निवडण्यात आले. मूळचे हे मासेमारी करणाऱ्या आदिवासींचे गाव. त्याला शहराचा दर्जा मिळाला तोच १८४६ मध्ये. भांडण मात्र तेवढ्याने मिटले नाही. उदारमतवाद्यांनी १८५५ मध्ये मदतीला बोलावलेला विल्यम वॉकर हा अमेरिकन साहसवीर पुढच्याच वर्षी स्वतः अध्यक्ष होऊन बसला आणि त्याच्या माणसांनी ग्रानादा जाळले.

राजकारणाच्या दृष्टीने निवड शहाणपणाची होती. जमिनीचा विचार मात्र कोणी केलेला दिसत नाही. शहराखालून अनेक भूभ्रंश, म्हणजे खडक सरकणाऱ्या भेगा, जातात आणि ऐन मध्यभागी तिस्कापा हे ज्वालामुखीच्या विवरातले तळे आहे. १९३१ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत शहर उद्ध्वस्त झाले, तरी ते त्याच जागी पुन्हा उभारले गेले. २३ डिसेंबर १९७२ च्या मध्यरात्रीनंतर पुन्हा धक्का बसला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती, म्हणजे फार मोठी नव्हे. पण केंद्र उथळ आणि थेट शहराखाली होते, शिवाय बरीच घरे लाकडी सांगाड्यात माती-दगड भरून बांधलेली होती. हजारो माणसे दगावली आणि अडीच लाखांहून अधिक बेघर झाली. बँको दे अमेरिकाची अठरा मजली इमारत किरकोळ नुकसानीवर निभावली, तर शेजारच्या मध्यवर्ती बँकेच्या इमारतीची मोठी हानी झाली. भूकंपरोधक बांधकाम शिकणारे अभियंते आजही या जोडीचा अभ्यास करतात. परदेशातून आलेल्या मदतीवर सत्ताधारी सोमोसा आणि त्यांच्या गोतावळ्याने हात मारला. त्या संतापाचाही १९७९ मध्ये त्यांची सत्ता उलथण्यात वाटा होता.

प्रश्न : मानाग्वात घरांना पत्तेच नसतात, हे खरे काय? – एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : पत्ते असतात, पण बहुतेकांत रस्त्याचे नाव नसते आणि घराचा क्रमांकही नसतो. १९७२ च्या भूकंपानंतर जुना मध्यभाग पूर्वीसारखा उभा राहिलाच नाही आणि वस्ती बाहेर पसरत गेली. त्यामुळे एखादी ठळक खूण धरून तिथून किती चौक कोणत्या दिशेला, असे सांगतात. चौकाचे नाव घेऊन ‘पुढे कोणालाही विचारा’ म्हणणाऱ्या आपल्या शहराला हे अगदीच परके वाटू नये! उत्तरेला तिथे ‘तळ्याकडे’ म्हणतात, तर सूर्य उगवतो ती पूर्व म्हणजे ‘वर’ आणि मावळतो ती पश्चिम म्हणजे ‘खाली’. खूण जागेवर असलीच पाहिजे असेही नाही. ‘छोटे झाड जिथे होते तिथून’ असे सुरू होणारे पत्ते झाड गेल्यानंतरही चालत राहिले.