चुकलेला मणी

प्रिय मावशी,

मी ४१ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरला राहते. नऊ वर्षांपासून मण्यांचे दागिने करते. आम्ही सहाजणी दर गुरुवारी दुपारी कुणा ना कुणाच्या घरी जमतो, आपापलं काम दाखवतो, एकमेकींना शिकवतो. आजीच्या पैठणीच्या पदरावरचा बांगडी-मोर, म्हणजे गोल बांगडीतला मोर, मी बारीक मण्यांत उतरवून गळ्यालगतचा चोकर केला. कुठला मणी कुठे बसवायचा, त्याचा नुसता आलेख काढायला तीन आठवडे लागले. गुरुवारी तो नेला आणि कसा विणला ते सगळ्यांना दाखवलं. दिवाळीआधी गंगापूर रोडला एक प्रदर्शन होतं, तिथे आमच्यातल्या सगळ्यात धाकटीच्या टेबलावर तोच चोकर! मी २,४०० ला देते, तिने ९०० लावले होते. माझं नाव कुठेच नाही. मला बघून हसली, म्हणाली, "ताई, तुमच्यासारखा जमलाय ना?" मी हो म्हटलं आणि पुढे गेले. तिच्या नवऱ्याचं सातपूरचं काम सुटलंय, घरात तान्हं बाळ आहे, म्हणून तोंड उघडवत नाही. पण तेव्हापासून गुरुवारी मी जुनंच काहीतरी घेऊन जाते. नवं काम कपाटात साड्यांखाली ठेवते. माझं मन एवढं कोतं कधी झालं? शिकवणं बंद करू का? दोन्ही चोकरचे फोटो पाठवते आहे.

— मणीवेडी

मणीवेडी,

तू मावशी म्हणालीस, मीही एकेरीवर येते. पत्र एकदा वाचलं आणि फोटो मात्र तासभर बघत बसले. मोबाईलवर बोटांनी मोठे करून, एकेक ओळ मोजत.

तुझ्या चोकरवर समोरासमोर दोन मोर आहेत. मानेचा निळा रंग हळूहळू हिरव्यात उतरवलास ते फार सुरेख झालंय. पण डाव्या मोराच्या मानेखाली, सातव्या ओळीत, निळ्याच्या जागी एक शेवाळी मणी बसलाय. उजव्या मोरात तिथे निळाच आहे. म्हणजे डावीकडे हात चुकला. तुझ्या लक्षात आलंय की नाही, मला ठाऊक नाही. आता धाकटीचा चोकर बघ. डावा मोर, सातवी ओळ, तीच जागा, तोच शेवाळी मणी.

तिने तुझा चोकर मणी न् मणी मोजून उतरवलाय, यात शंका नको. फोटो काढून ठेवला असेल आणि रात्री बाळ झोपल्यावर मोजत बसली असेल. पण त्याच मण्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. कुठला मणी चुकलाय हे तिला अजून कळत नाही. तिने तुझी मोजणी घेतली, हात अजून तिचा तयार व्हायचाय. दोरा वळतो तिथे तिच्या चोकरला फट दिसते, आणि शेवटच्या गाठीला लायटर लावलाय, टोक काळं पडलंय.

मी लग्न होऊन नाशकात आले तेव्हा दहीपुलाजवळच्या एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. शेजारच्या काकू पटवेकऱ्यांच्या घरातल्या. सराफ बाजारातून त्यांच्याकडे गाठवायला दागिने यायचे. तन्मणी, चिंचपेटी, काळी पोत. पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा ताणून बसायच्या आणि एकेक मोती खाली उतरवून मागे गाठ मारायच्या. दर दोन मोत्यांत गाठ कशाला, म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "दोरा तुटला तर एकच मोती जावा. आणि एकमेकांना घासून दोघांचं पाणी जाऊ नये."

तीन पावसाळे मी त्यांच्याजवळ बसले. एक पैसा घेतला नाही त्यांनी. पुढे मोत्याच्या मुंडावळ्यांचा एक वेगळा घाट माझा मीच बसवला. एका दुकानदाराने "नमुना ठेवून जा, गिऱ्हाइकाला दाखवतो" म्हणून ठेवून घेतला आणि महिन्याभरात दुसरीकडून तसेच जोड करून घेतले. मी रागाने सुई पेटीत टाकली ती चार वर्षं काढली नाही. दुकानदाराचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते माझ्या बोटांचं. परत बसले तेव्हा दोऱ्याला ताण धरता येईना, आणि विचारायला जावं तर काकू मुलाकडे धुळ्याला राहायला गेलेल्या.

म्हणून तुझं ते साड्यांखालचं काम वाचून मला कसंसंच झालं. ते आज बाहेर काढ. मन कोतं झालेलं नाही तुझं, दुखावलंय. आणि दुखावलेलं मन बोललं नाही की ते वस्तू लपवायला लागतं.

आता थोडं कडू बोलते. त्या चोकरमध्ये नेमकं तुझं काय आहे, ते आधी वेगळं काढ. बांगडी-मोर तुझा नाही. पैठणच्या, येवल्याच्या मागांवर पिढ्यान् पिढ्या तो विणला गेलाय, आणि तूही तो आजीच्या पदरावरून कुणाला न विचारता उचललास. चोकर ज्या विणीत केलास, ती पेयोटची वीणही तुझी नाही. तिचं नाव अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मणीकामावरून आलं, आणि इजिप्तच्या प्राचीन वस्तूंतही तशी वीण आहे. मणी ओवणं तर कुणाचंच नाही. आपल्या गोदावरीला पुढे जी प्रवरा मिळते, तिच्या काठी नेवाशाला १९५० च्या दशकात डॉ. ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं. तिथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याला धरून आतला दोराही टिकला होता, कापसाचा आणि रेशमाचा. तीन हजार वर्षांहून जुना. कुणीतरी आपल्या पोरासाठी ती ओवली असणार आणि त्याच्याबरोबरच ठेवली. मला ही गोष्ट मणी हातात घेतल्यावर नेहमी आठवते.

मग तुझं काय उरलं? तुझा आलेख. आणि ते थोडं नाही गं. ज्याने केलं नाही त्याला वाटतं, चौकटीच्या कागदावर मोर काढला की झालं. तू वापरतेस तो बारीक, ११ नंबरचा गोल मणी उंचीपेक्षा रुंद असतो, त्यात पेयोटमध्ये प्रत्येक मणी शेजारच्यापेक्षा अर्धा खाली बसतो. कागदावर गोल काढलेली बांगडी मण्यांत चपटी होते. ती गोल दिसावी म्हणून कुठला मणी गाळायचा, कुठे एक ओळ वाढवायची, मोराचा डोळा एका मण्यात आणायचा की दोन, हे ठरवण्यात तुझे तीन आठवडे गेले. त्यावर तुझं नाव हवं, यात दुमत नाही.

पण त्या गुरुवारी तू हे बोललीस का? पत्रात लिहितेस, कसा विणला ते दाखवलं. 'वीण शिका, पण हा आलेख माझा आहे, या मोसमात मीच विकणार' असं म्हणालीस का? नसशील म्हणाली. आपण बायका म्हणत नाही असं. समोरचीला कळायला हवं, असं धरून चालतो आणि तिला नाही कळलं की आतल्या आत जळतो. तिने विचारायला हवंच होतं, तिची ती चूक मी पदरात घेत नाही. तरी "ताई, तुमच्यासारखा जमलाय ना?" हे तिचं वाक्य मी चारदा वाचलं. चोरी केलेलं माणूस तुला पाहून टेबल झाकेल. ही तुझ्याकडून शाबासकी मागत होती.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण कुणीतरी तुला तो सल्ला देणारच. डिझाईन्स अॅक्ट, २००० खाली नव्या घाटाची नोंदणी होते. आधी १० वर्षांचं संरक्षण, पुढे आणखी ५ वर्षं वाढवता येतं. पण घाट नवा हवा आणि नोंदणीआधी लोकांसमोर आलेला नसावा. तुझा चोकर केव्हाच विकला गेलाय, म्हणजे याच्यासाठी ती वाट बंद झाली. पुढच्या कामांचे आलेख तारखेसकट सांभाळून ठेव. आणि धाकटीला नोटीस पाठवायचं मनात आलं असेल तर काढून टाक.

तुझ्या पत्रात एक आकडा आहे, त्यावर तू थांबलीच नाहीस. मला सगळ्यात तोच खुपला. ९०० रुपये.

हिशोब मांडून बघ. फोटोवरून अंदाज करते, चोकरला साडेचार हजाराच्या आसपास मणी असतील. ११ नंबरचे मणी ग्रॅमला शंभराच्या थोडे वर बसतात, म्हणजे चाळीस-एक ग्रॅम. चांगले मणी, दोरा, फासा धरून ६०० रुपये सामानाचे. विणायला तुझ्या सरावाच्या हाताला बावीस तास धरू. तुझ्या २,४०० मधून १,८०० उरले, तासाला ऐंशीच्या वर पडले. तिला उरले ३००. तासाला चौदासुद्धा नाही. आणि तिचा हात तुझ्यापेक्षा सावकाश, त्यामुळे खरा आकडा याहून खाली. टेबलाचं भाडं तर मी धरलंच नाही. ज्या घरात पगार येत नाही, त्या घरातली मुलगी रात्री डोळे फोडून तासाला चौदा रुपयांचं काम करते आहे. वर गंगापूर रोडवर तो चोकर ज्यांनी ९०० ला घेतला, त्यांना आता तुझा २,४०० चा महाग वाटणार. तुमच्या सहाजणींच्या मजुरीला धक्का लागलाय तो इथे.

हे तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि शिकवणारी तू आहेस. वीण शिकवलीस, हिशोब शिकवायचा राहिला.

तेव्हा गुरुवारची वाट बघू नकोस, सगळ्यांसमोर हा विषय काढू नकोस, आणि तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. बाळ झोपायची वेळ विचारून तिच्या घरी जा. दोन्ही चोकर शेजारी ठेवता आले तर फार बरं. आधी दुखलं ते सांग, कारण तसं न करता हिशोब सांगायला लागलीस तर तिला ते टोमण्यासारखं वाटेल. "तुझ्या टेबलावर माझा मोर बघून मला वाईट वाटलं. तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं, पण विचारायला हवं होतंस." एवढंच. नवऱ्याचं काम सुटल्याची दया त्यात आणू नकोस. अडचणीतल्या माणसाशी लोक खरं बोलायचं सोडतात, त्याने ते आणखी एकटं पडतं.

मग कागद-पेन घेऊन वरचा हिशोब तिलाच करू दे.

ती रडेल कदाचित, कदाचित चिडेल. चिडली तर त्या दिवशी उठून ये, वाद घालू नकोस. पुढे नवे आलेख तिला दाखवायचे की नाही, ते तिच्या वागण्यावरून ठरव. पण त्यापायी गुरुवार सोडू नकोस, बाकी चौघींनी तुझं काही केलेलं नाही. विकलेल्या चोकरचे पैसे मात्र मागू नकोस. ते दुधाच्या पिशवीत केव्हाच गेले असतील.

ऐकून घेतलं तर पुढचं सोपं आहे. सहाजणींनी बसून दोन गोष्टी ठरवा. ज्या बाईने नवा आलेख काढला, तिच्याशिवाय त्या मोसमात तो कुणी विकायचा नाही, दिवाळीला काढला तर संक्रांतीपर्यंत. नंतर करा खुशाल, पण दागिन्याच्या कार्डावर 'आलेख अमुकचा' असं लिहायचं. आणि तासाची मजुरी सगळ्यांनी मिळून एक ठरवायची, त्याखाली कुणी जायचं नाही, ओळखीच्या वहिनींसाठीसुद्धा नाही. मैत्रीत नियम कसले, असं कुणी म्हणेलच. काकूंनी दोन मोत्यांत मारलेली गाठ आठव, म्हणजे काय उत्तर द्यायचं ते सुचेल.

मणीही एकत्र आणत जा. मुंबईला भुलेश्वरच्या बाजारात एकीने जायचं आणि मोठी पाकिटं आणून वाटून घ्यायची. स्वस्त पडतं ते आहेच, शिवाय एकाच खेपेचे मणी मिळाले की रंग जुळतो. दोन खेपांतला निळा कधीच एक नसतो, हे तुला मी सांगायला नको.

तुळशीचं लग्न झालं की तुझ्याकडे लग्नासाठीच्या दागिन्यांच्या मागण्या येतील. एकटीने उरकणार नाहीत. मोर तू विण, मागच्या साध्या पट्ट्या धाकटीला दे, आणि मजुरी तीच, तुझ्या तासाला पडते ती. पट्टी विणता विणता तिचा ताण सुधारेल.

त्या दिवशी निघण्याआधी तिला डाव्या मोराची सातवी ओळ दाखव. आधी तुझ्या चोकरवरची, मग तिच्या. आणि गाठीला लायटर लावायचं बंद कर म्हणावं. नायलॉनचं जळलेलं टोक कडक होतं, मानेला टोचतं. दोरा दोन ओळी मागे मण्यांतून फिरवून आणायचा, मध्ये एक अर्धी गाठ, आणि मग मण्याला चिकटून कापायचा. तिच्या हातात सुई देऊन तिच्याकडूनच करून घे.

— तुझी मावशी