फायटर माशाचा नर अंडी खातोय, काय करू?

प्रश्न : काका नमस्कार, मी भांडुपला राहते, कॉलेजला आहे. घरी फायटरची जोडी आहे. तीनदा ब्रीडिंग केलं आणि तिन्ही वेळा मादी बाजूला काढली तरी अंडी गायब. पहिल्या दोन वेळा तर चार-पाच तासातच संपली, तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिसत होती, संध्याकाळी नेस्ट (नराने केलेलं बुडबुड्यांचं घरटं) रिकामं. वैतागून टब धुवून टाकला. नर बदलू का?

उत्तर : अगं नर बदलायच्या आधी तो टब का धुतलास ते सांग! पहिल्या दोन वेळा त्याने खाल्ली, मान्य. पण फायटरची अंडी साधारण 24 ते 48 तासात फुटतात, पाणी 28 डिग्रीच्या आसपास असलं तर लवकरच. आणि पिल्लं म्हणजे काय, पापणीच्या केसाचा तुकडा, शेपटी खाली करून बुडबुड्यांना लटकलेली, वरून बघितलं तर दिसतच नाहीत. तिसऱ्या वेळी तू बहुतेक पिल्लंच ओतून दिलीस. वाईट वाटून घेऊ नकोस, मीही एकदा अख्खी बॅच मोरीत ओतलीय आणि मग तळाशी दोन हलताना दिसली. पुढच्या वेळी नेस्ट रिकामं दिसलं तरी दोन दिवस हात लावायचा नाही.

दुसरं म्हणजे अंडं तोंडात घेतलं की खाल्लं असं नसतं. खाली पडलेली अंडी तो तोंडाने उचलून परत नेस्टमध्ये लावतो, जागा बदलतो, बुरशी धरलेली आणि न फळलेली खाऊन टाकतो, ते त्याचं कामच आहे. सगळी खाल्ली तर मात्र एकतर नर नवखा, नाहीतर घाबरलेला. आणि घाबरवतं कोण, तर आपणच, दर दहा मिनिटाला मोबाइलचा टॉर्च मारून. टब टीव्हीजवळ किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर असेल तर हलव (अंडी असताना नाही, आधीच), तीन बाजूंनी पेपर लाव. रात्री पूर्ण अंधार नको, लांबवर झिरो बल्ब राहू दे, पडलेलं अंडं त्याला दिसायला हवं ना.

पाणी चार-पाच इंचच ठेव, खाली खडी नको, फिल्टर बंद. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं म्हणून एक दिवस उघडं ठेवून किंवा अँटीक्लोरीन टाकून घे. सोसायटीत बदामाचं झाड असेलच, त्याचं आपोआप गळलेलं वाळकं तपकिरी पान धुवून टाक, हिरवं तोडू नकोस, आणि नुकती धुराची फवारणी झाली असेल तर तिथलं नकोच. डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतो, आपल्याला थंडी वाटत नसली तरी रात्री पाण्याचं तापमान उतरतं.

ब्रीडिंगच्या आधी आठ-दहा दिवस दोघांना चांगलं खाऊ घाल, आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) वगैरे, नुसत्या दाण्यावर नको. डासांच्या अळ्या उत्तम, पण त्यासाठी गच्चीत पाण्याची बादली भरून ठेवलीस तर महापालिकेवाले घरी येतील.

एवढं करूनही पुन्हा दोनदा खाल्ली तर नर बदल, चार महिन्यांपासून वर्षाच्या आतला बघ. दुकानात मोठ्या पिसाऱ्याचा घेतो आपण, तो बऱ्याचदा म्हातारा असतो. चमच्याने अंडी काढून मिथिलीन ब्लूच्या (बुरशी रोखणारं निळं औषध) फिकट निळ्या पाण्यात उबवता येतात, पण मला तो शेवटचा उपाय वाटतो, नराइतकी निगा आपल्याला जमत नाही, बुरशी एका अंड्यावरून दुसऱ्यावर जाते.

पिल्लं आडवी पोहायला लागली, म्हणजे फुटल्यावर दोन-तीन दिवसांनी, की लगेच नर काढ, आता त्याला ती खाऊच वाटतात. मग इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव), थोडी मोठी झाली की आर्टेमियाची ताजी पिल्लं. टबवर झाकण हवं, वरची हवा ओली-उबदार राहिली पाहिजे. आणि आईला आत्ताच विचारून ठेव, दोन-तीन महिन्यांनी नर भांडायला लागले की प्रत्येकाला वेगळी बरणी लागते, लोणच्याच्या सगळ्या बरण्या जातील.